डेनरावांची लग्नपत्रिका

लंडनच्या हाउन्सलोमधल्या त्या घरात मी साडेतीन वर्षं राहिलो आणि त्यातली निदान अडीच वर्षं जिन्यात बसून जेवलो. घरात डायनिंग टेबल नव्हतं असं नाही. चांगलं सहा खुर्च्यांचं, भक्कम टेबल होतं. पण त्यावर इंग्लंडचं राज्य मांडलेलं असे आणि ते हलवायची कुणालाच परवानगी नव्हती. मी तिसऱ्या पायरीवर, नागपूरचा दुसरा भाडेकरू पाचव्या पायरीवर, आणि घरमालक स्वतः ओट्यापाशी उभे, असं आमचं रोजचं जेवण.

घरमालकांना आम्ही काका म्हणायचो. विमानतळावर तीस वर्षं त्यांनी हरवलेल्या सामानाच्या ऑफिसात काढली होती. निवृत्त झाल्यावर ऑफिस सुटलं, पण चमकत्या पट्ट्यांचं पिवळं जॅकेट काही सुटलं नाही. घरात, बागेत, कोपऱ्यावर दूध आणायला जाताना, सगळीकडे ते अंगात. अंधारात जिन्यावरून उतरताना काका आधी दिसत नसत, त्यांचे पट्टे दिसत. नागपूरकर पहिल्या आठवड्यात एकदा त्या पट्ट्यांना घाबरून ओरडला होता. तेव्हापासून काका जिना उतरण्याआधी खाकरायचे.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "बॅग हरवत नसते रे, ती दुसरीकडे पोचलेली असते." माझा मोजा हरवला, तरी तेच. त्यांचाच चष्मा सापडेना, तरी तेच. माझ्या कंपनीनं माझं प्रोजेक्ट बंद करून मला दोन महिने नुसतं बसवून ठेवलं, तेव्हाही त्यांनी मला तेच ऐकवलं, आणि मला त्यांचा मनापासून राग आला होता.

खोली बघायला गेलो तो दिवस मला नीट आठवतो. मी नोकरीचं पत्र, पासपोर्ट, पगाराची स्लिप असं सगळं फायलीत लावून नेलं होतं. काकांनी फाइलकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "तुमच्या घरात अलीकडे कुणाचं लग्न झालं? पत्रिका आहे का जवळ?" माझ्या बॅगेच्या खिशात ताईच्या लग्नाची पत्रिका योगायोगानं पडून होती. ती काकांनी उभ्या उभ्या दहा मिनिटं वाचली. मागची बाजू तर पुढच्यापेक्षा जास्त वेळ वाचली. मग म्हणाले, "तुझे वडील आणि थोरले मामा बोलत नाहीत."

मी गार पडलो. "तुम्हाला कसं कळलं?"

"थोरले मामा धाकट्या मामांच्या खाली आलेत, आणि मामींचं नावच नाही. आत्या मात्र वर चढल्यात. म्हणजे घरात शब्द आत्याचा चालतो. बरोबर?"

बरोबर होतं. अगदी नको इतकं बरोबर होतं. "ये राहायला," काका म्हणाले. "खरी पत्रिका दाखवलीस. माणूस खोटा नसणार."

बुटांच्या खोक्यांत त्यांनी लंडन आणि आसपासच्या मराठी लग्नांच्या झाडून सगळ्या पत्रिका जपल्या होत्या. लोक पेपरातलं राजकारण वाचतात तसे ते या पत्रिका वाचत. प्रेषक कोण, निमंत्रक कोण, 'आमच्या येथे श्रीकृपेकरून'च्या खाली पहिलं नाव कुणाचं, कोण गेल्या लग्नात होतं आणि ह्या लग्नात नाही. एखाद्या घरातलं भांडण त्या घरातल्या माणसांच्या आधी काकांना कळायचं. वॉटफर्डला राहणारी त्यांची मुलगी म्हणायची, "बाबा, धिस इज स्पाइंग! तुमची ही छंद लोकांना कळला ना, तर कोण पत्रिका देणार नाही." तिच्या 'ही छंद'ला काका कधी हसले नाहीत. ती मराठी बोलतेय यातच त्यांना आनंद असायचा.

आता टेबलावरच्या राज्याविषयी.

हजार वर्षांपूर्वी इंग्लंडवर एका डेन्मार्कच्या राजानं राज्य केलं. बोटींतून आला, लढला, जिंकला आणि गादीवर बसला. काका त्याला डेनराव म्हणायचे. खरं नाव त्यांनी घरात कधी घेतलं नाही. जुन्या बायका नवऱ्याचं घेत नसत तसं. ह्या डेनरावांची पहिली दहा वर्षं, एवढाच काकांचा विषय. त्याच्या अलीकडचा इतिहास त्यांना माहीत नव्हता आणि पलीकडच्याची त्यांना पर्वा नव्हती. मी एकदा विचारलं, दहाच का? म्हणाले, "पाहुणा कसा वागतो ते पहिल्या दहा वर्षांत कळतं. पुढं तो घरचाच होतो, मग त्यात काय बघायचं?"

डेनराव त्यांना भेटले ते बसमुळे. काका या देशात आले त्या पहिल्याच हिवाळ्यात बसमध्ये एकानं त्यांना तोंडावर सांगितलं, आलास तिकडे परत जा. काका पुढच्याच स्टॉपला उतरले. थंडी मी म्हणत होती, समोर लायब्ररी दिसली, आत हीटर होता. हीटरजवळच्या कपाटात जे पुस्तक हाताला आलं त्यात डेनराव होते. "मी वाचत गेलो आणि मला हसू फुटलं," काका सांगायचे. "अरे, हा तर ह्यांचा राजा! घरात दुसरी भाषा बोलणारा, बोटीतून उतरलेला. आणि ह्यांनीच त्याच्यापुढे माना झुकवल्या. त्या बसमधल्या माणसाला मी मनातल्या मनात म्हटलं, बाबा रे, तुझा राजाच बाहेरचा होता, मी तर नुसत्या बॅगा उचलतो."

ते सांगताना काका हसत, पण पुढच्या स्टॉपला उतरावं लागलं ते त्यांना तीस वर्षांनीही टोचत होतं. मला ते दिसायचं.

डेनरावांची एकच गोष्ट बहुतेकांना माहीत असते, समुद्राच्या लाटांना थांबा म्हणाल्याची. ती निघाली की काका भडकत. "लाटा थांबत नाहीत हे खुशमस्कऱ्यांना दाखवायला बसला होता तो किनाऱ्यावर! लोक अर्धी गोष्ट सांगतात आणि शहाण्याला वेडा करतात." घरात नियम होता: जो लाटांचं नाव काढेल त्यानं दूध आणायचं. थंडीत दूध आणायचा कंटाळा आला की मी नागपूरकराला मुद्दाम विचारायचो, काय रे, त्या राजाची समुद्रावरची गोष्ट काय होती? बिचारा दर वेळी फसायचा.

"जिंकल्यावर त्यानं काय केलं?" काका विचारत, आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच सांगत. "आधीच्या राजाच्या विधवेशी लग्न केलं. जुने कायदे तसेच ठेवतो म्हणून कबूल केलं. जो आर्चबिशप प्रवचनांतून डेन लोकांची सालटी काढायचा, त्यालाच कायदे लिहायला बसवलं. आणि डेन सैनिकांनी दारूच्या नशेत हाडं फेकून ज्या आर्चबिशपला मारलं होतं, त्याचे अवशेष ह्यानं स्वतः पुढं होऊन मानानं त्याच्या गादीच्या गावी पोचवले. परक्या घरात गेलं की आधी त्यांचं देवघर सांभाळायचं. ह्याला म्हणतात अक्कल."

आणि हे सगळं काका वाचायचे कशातून? तर पत्रिकांतून! म्हणजे राजा कुणाला जमीन देताना जो कागद करायचा, त्याच्या तळाशी साक्षीदारांची नावं असत. राजा, राणी, आर्चबिशप, बिशप, सरदार, मग साधे दरबारी. इतिहासाच्या प्राध्यापकांना त्यात साक्षीदार दिसतात. काकांना त्यात निमंत्रक दिसले. एक डेन सरदार आधी सगळ्यांच्या वर, मग एकदम गायब. "हद्दपार!" काका टेबलावर थाप मारत. एक इंग्रज अगदी तळाशी, मग मधे, मग सगळ्या सरदारांत पहिला. "हा जावयासारखा घुसला बघ घरात." बिशप मात्र आपापल्या जागी ठाम. "सरदार येतात जातात. भटजी बदलत नाहीत." विमानतळावरून आणलेल्या बॅगांच्या जुन्या टॅगांवर एकेक नाव लिहून त्यांनी ती सगळी दहा वर्षं टेबलावर मांडली होती. म्हणून आम्ही जिन्यात.

आठवड्यातून एकदा काका जॅकेटखाली टाय बांधत. तो गुरुवार. बसने वीस मिनिटांवर नदीकाठी एक जुनं चर्च होतं आणि त्याच्या हॉलमध्ये गावच्या इतिहास मंडळाची बैठक भरे. अध्यक्ष मार्गारेट, निवृत्त हेडमिस्ट्रेस, ताठ आणि प्रेमळ. काका अकरा वर्षं त्या मंडळाचे सभासद होते आणि अकरा वर्षं ते तिथे खुर्च्या मांडत आणि चहा देत. कुणी त्यांना तुच्छ लेखत होतं असं नाही. उलट मार्गारेट दर वर्षी आग्रह करायची, तुम्ही आम्हाला मसाल्यांवर बोला ना, दिवाळीवर बोला. काका दर वर्षी म्हणायचे, "नेक्स्ट इयर, मॅडम." डेनरावांवर बोलू का, असं विचारायची त्यांना हिंमत होत नव्हती. माणूस विमानतळावर कुणाशीही वाद घालेल, पण त्या हॉलमध्ये काकांचा आवाज चहाच्या कपाएवढा व्हायचा. मला त्याची चीड यायची. मी म्हणालोही, "काका, तुम्ही ह्या सगळ्यांपेक्षा जास्त वाचलंय." ते म्हणाले, "वाचलंय रे. पण त्यांच्या राजाबद्दल मी त्यांना सांगायचं? ऐकतील का?"

त्यांना एवढंच हवं होतं. एकदा त्या हॉलमध्ये उभं राहून बोलायचं, आणि लोकांनी ऐकायचं.

हॉलच्या भिंतीवर एक फ्रेम होती. डेनरावांनी नदीकाठचं कुरण ह्या चर्चच्या पाद्र्याला दिलं, त्या दानाचा कागद. मूळ कागद कधीच नाहीसा झाला होता. कुण्या मठातल्या साधूनं केलेली नक्कल एका जुन्या वहीत उरली होती, आणि तिच्यावरून कुठल्याशा जुन्या विकारनं, म्हणजे इथल्या पाद्र्यानं, देखण्या अक्षरात इंग्रजी करून फ्रेममध्ये लावलं होतं. खाली साक्षीदारांची नुसती नावं, हुद्दे नाहीत, एकाखाली एक. गावाला तिचा फार अभिमान. त्या कुरणावर अजून उन्हाळ्याची जत्रा भरायची.

त्या वर्षी वार्षिक व्याख्यानाला एक मोठे प्रोफेसर आले. मीही गेलो होतो, कारण काकांना एकट्यानं समोशांचे ट्रे नेणं जमेना. व्याख्यान संपल्यावर मार्गारेटनं कौतुकानं त्यांना फ्रेम दाखवली. प्रोफेसरांनी चहा घेत घेत वरून खाली नजर टाकली आणि सौजन्यानं म्हणाले, "सुंदर अक्षर आहे. पण मी यावर फार विसंबणार नाही. राजाखाली एक आर्चबिशप आहेत, ठीक. मग एक सरदार. मग हा कोण, साधा दरबारी, आणि त्याच्या खाली यॉर्कचे आर्चबिशप! राजाचा कारकून असं कधी लिहिणार नाही. कुणीतरी नंतर इकडून तिकडून नावं गोळा करून बनवलेलं दिसतंय."

मार्गारेटचा चेहरा पडला. हॉलची रंगरंगोटी व्हायचीच होती. त्या वेळी फ्रेम उतरवू, परत लावायला नको, असं तिथल्या तिथे हळू आवाजात ठरलंसुद्धा.

काका चहाचा ट्रे घेऊन तिथेच उभे होते. ते फ्रेमकडे बघत होते. ओठ हलत होते. पहिलं नाव, दुसरं, तिसरं, चौथं. आणि मग अख्ख्या हॉलमध्ये ऐकू जाईल अशा आवाजात ते मराठीत ओरडले, "अरे, हा श्रीखंडवाला आहे!"

मार्गारेटनं मला हळूच विचारलं, "ते बिस्किट असतं का?"

परतीच्या बसमध्ये त्यांनी मला सांगितलं. मुलीच्या लग्नाची पत्रिका काकांनी स्वतः लिहिली होती. खाली तीन कॉलम. पहिला घरच्यांचा: वर नव्वदीची आत्या, मग दादा, म्हणजे त्यांचे सांगलीचे थोरले भाऊ, ज्यांनी वडिलांच्या मागे काकांना शिकवलं, आणि मग बाकीचे. दुसरा कॉलम इथल्या मराठी मंडळातल्या लोकांचा, अध्यक्षांपासून. तिसरा मदत करणाऱ्यांचा, आणि त्यात सगळ्यांत वर केटरर, कारण त्यानं श्रीखंड स्वतःच्या हौसेनं देऊ केलं होतं. कागद वेंब्लीच्या एका प्रिंटरला दिला. त्या माणसाला जागा कमी पडली, म्हणून त्यानं तीन कॉलमचा एक केला, आणि नावं वरून खाली घ्यायच्याऐवजी आडवी घेतली.

मी हिशेब केला. आत्या. मंडळाचे अध्यक्ष. श्रीखंडवाला. मग दादा.

"श्रीखंडवाल्याच्या खाली," काका म्हणाले. "माझा दादा."

"पण तुम्ही प्रूफ नाही बघितलं?"

"प्रूफ तुझी काकू बघायची. ती तेव्हा हॉस्पिटलात होती. मी तिच्या उशाशी होतो." काका खिडकीबाहेर बघत राहिले. "पत्रिका सांगलीला पोचली. दादा लग्नाला आला नाही. मी फोनवर सांगितलं, प्रिंटरची चूक आहे. तो म्हणाला, सबबी सांगू नकोस, माणसाच्या मनात असतं तेच छापलं जातं. त्यानंतर बोलला नाही. काकू गेली तेव्हा चार ओळींचं पत्र आलं. तेही मुलीच्या नावावर."

ज्या माणसानं माझ्या घरातलं भांडण दहा मिनिटांत ओळखलं, त्याच्या घरात हे होतं. मी समोशांचा रिकामा ट्रे मांडीवर धरून बसलो.

घर येईपर्यंत काका वेगळेच झाले होते. उतरताना ते म्हणाले, "त्या साधूनं तेच केलंय. मूळ कागदावर तीन उभ्या रांगा होत्या. त्यानं आडव्या उतरवल्या. कागद खोटा नाही. नावं हरवली नाहीत, दुसऱ्या रांगेत पोचलीत." दुसऱ्या दिवशी त्यांनी मार्गारेटला फोन केला. शेजारी उभं राहून मी ऐकला. "मॅडम, फ्रेम काढू नका. मला एक गुरुवार द्या. नो मसाला. आय स्पीक." तिनं जूनचा पहिला गुरुवार दिला.

पुढचे तीन आठवडे टेबलाला हात लावणंच काय, जवळून चालायचीही बंदी झाली. वारा नको म्हणून दारं बंद. फ्रेममधली सगळी नावं टॅगांवर लिहून काका तीन रांगांत लावत. सुरुवात सुरेख जमायची. पहिला आर्चबिशप, सरदार, दरबारी. दुसरा आर्चबिशप, सरदार, दरबारी. निम्म्यावर आलं की सगळं बिघडायचं. सरदारांच्या रांगेत बिशप घुसायचे, बिशपांच्या रांगेत साधे दरबारी. मी माझ्या परीनं कॉम्प्युटरवर एक प्रोग्राम लिहिला आणि मोठ्या तोऱ्यात चालवला. त्यानं यॉर्कच्या आर्चबिशपला दरबाऱ्यांत टाकलं. काकांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मी अजून विसरलेलो नाही.

दहाव्या-अकराव्या दिवशी दुपारी ते उठले, वरच्या खोलीत गेले आणि सगळ्यांत तळाचं खोकं घेऊन आले. त्यात एकच पत्रिका होती. मुलीच्या लग्नाची. इतकी वर्षं त्यांनी ती उघडली नव्हती. त्यांनी ती टॅगांशेजारी ठेवली आणि बोटानं एकेक नाव मोजायला लागले. घरचे नऊ. मंडळाचे पाच. मदतीचे सात.

"पाच," काका म्हणाले. "मंडळाचा कॉलम आधी संपतो. पाच ओळींनंतर तीन-तीन नाही, दोन-दोन. सरदार कमी होते रे! सगळे हद्दपार केले होते ना त्यानं!"

त्यांनी सरदारांची रांग सहाव्या नावाला थांबवली आणि पुढची नावं दोन-दोन करून लावली. टॅग भराभर आपल्या जागी पडत गेले. शेवटचा टॅग ठेवला तेव्हा बिशपांची रांग वरून खाली वाचून त्यांनी त्याच काळातल्या दुसऱ्या एका कागदाशी ताडून पाहिली. नावाला नाव, जागेला जागा. सरदारांची तशीच. काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि पुन्हा काढला. मला इतका आनंद झाला की मी तिसऱ्या पायरीवरून खाली उडी मारली आणि "लाटा!" म्हणून ओरडलो. त्या दिवशी दूध आम्ही तिघं मिळून आणायला गेलो.

जूनच्या गुरुवारी हॉल भरला होता. मंडळींना बहुधा चहावाला काय बोलणार याची उत्सुकता होती. काकांनी प्रोफेसरांनाही स्वतः पत्र लिहून बोलावलं होतं, आणि ते खरंच येऊन मागच्या खुर्चीवर बसले होते. मी प्रोजेक्टर नेला होता. काकांनी तो उघडूसुद्धा दिला नाही. त्यांनी जॅकेट काढून खुर्चीला लावलं. त्यांना जॅकेटशिवाय मी पहिल्यांदाच पाहत होतो. मग पिशवीतून टॅग काढले आणि प्रत्येकाच्या गळ्यात एकेक नाव अडकवलं. मार्गारेट यॉर्कची आर्चबिशप झाली. चर्चच्या सध्याच्या विकारच्या गळ्यात काकांनी तो चौथ्या जागेवरचा दरबारी घातला. "फ्रेममधल्या ओळीनं उभे राहा, प्लीज." एक लांबलचक वेडीवाकडी रांग झाली. मार्गारेट विकारच्या मागे.

"मॅडम, तुमच्या पुढं कोण आहे?"

"माझा विकार. आणि हे मला अजिबात पसंत नाही."

हॉल हसला. काका हसले नाहीत. त्यांनी आपल्या मुलीच्या लग्नाची पत्रिका वर धरली आणि मोडक्या, पण स्वच्छ इंग्रजीत सांगितलं, आमच्याकडे नावांचा क्रम म्हणजे काय असतं, आणि तो चुकला की काय होतं. "माझा भाऊ माझ्याशी बोलत नाही," ते म्हणाले. "कारण एका माणसानं आडवं वाचलं. आता तुम्ही तीन रांगा करा. मी हाक मारीन तसे या."

लोक हलायला लागले. आर्चबिशप इकडे, सरदार मधे, दरबारी पलीकडे. एकेक माणूस आपली जागा घेत गेला. कुणाला ढकलावं लागलं नाही, कुणी उरलं नाही. फक्त बिशपांच्या रांगेच्या शेवटी एक जागा रिकामी राहिली. काकांनी हातातला शेवटचा टॅग वर धरला आणि मागे बघितलं. प्रोफेसर उठले, पुढे आले, मान वाकवून टॅग गळ्यात घालून घेतला आणि त्या जागेवर जाऊन उभे राहिले. मग त्यांनी आपल्या पुढची रांग न्याहाळली. एकेक नाव वाचत ते पार मार्गारेटपर्यंत गेले, परत आले आणि म्हणाले, "मी घाईनं बोललो होतो. ह्या यादीवरून हा कागद खोटा म्हणता येणार नाही. ही यादी खरीच असावी. आणि हे आधी मला दिसायला हवं होतं."

टाळ्या वाजल्या त्या टाळ्या नव्हेत, लोक गळ्यात टॅग घालून पाय आपटत होते. अकरा वर्षं ज्या लाकडी फरशीवर काकांनी खुर्च्या मांडल्या ती थरथरत होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते लपवलं नाही. नागपूरकर तर शिट्टी वाजवून मोकळा झाला. काका मात्र सवयीनं किटलीकडे वळले. मार्गारेटनं त्यांचा हात धरला. "आज नाही. आज चहा मी करणार." इतका वाईट चहा मी आयुष्यात प्यालो नाही. काका दोन कप प्याले.

फ्रेम परत लागली. खाली आता तीन रांगांत नावं आहेत, आणि त्याखाली बारीक अक्षरात रांगा लावणाऱ्याचं नाव. मंडळानं त्या व्याख्यानाची छोटी पुस्तिका काढली. काकांनी एक प्रत सांगलीला पाठवली. सोबत पत्र म्हणून एकच ओळ: 'दादा, वरून खाली वाच.' उत्तर आलं नाही. उन्हाळा गेला, टॅग परत टेबलावर आले, आम्ही परत जिन्यात. काका पोस्टमनच्या वेळेला दाराशी काहीतरी काम काढत, एवढाच फरक.

डिसेंबरमध्ये भारतातून पाकीट आलं. दादांच्या नातवाच्या लग्नाची पत्रिका. काकांनी टेबलाचा एक कोपरा मोकळा केला आणि ती उलटी ठेवली. खाली तीन कॉलम होते. त्यांचं बोट पहिल्या कॉलमवरून खाली उतरलं. दादा. आणि दादांच्या लगेच खाली काकांचं नाव. ते थांबले. मग त्यांनी तीच यादी आडवी वाचली. पहिल्या ओळीत दादा, आणि शेजारच्या कॉलमच्या पहिल्या जागेवर पुन्हा काकांचं नाव.

दादांनी भावाचं नाव दोनदा छापलं होतं. प्रिंटरनं उभं वाचो की आडवं, धाकटा भाऊ त्यांच्या पाठोपाठच येणार.

काकांना हसू आलं, आणि हसता हसता ते रडायला लागले. "एकाच यादीत एक नाव दोनदा," ते म्हणाले. "कुठलाही प्रोफेसर ह्याला खोटी म्हणेल."

"आणि तुम्ही, काका?"

त्यांनी पत्रिका कपाळाला लावली. "अस्सल आहे रे. एकदम अस्सल."

मग त्यांनी बिशप, सरदार, दरबारी, सगळे टॅग गोळा करून बुटांच्या खोक्यात भरले आणि टेबल ओल्या फडक्यानं पुसलं. नागपूरकराला त्यांनी हाक मारली, ताटं घे म्हणाले. त्या दिवशी आम्ही तिघं टेबलावर जेवलो.